कार्ब्युरेटर बदलण्याआधी अर्धा लिटर मोजा

प्रश्न : घरचा करडा फर्ग्युसन टीई 20 ट्रॅक्टर सुरू होतो, पण पाच-दहा मिनिटांत दम तोडतो. मिस्त्री म्हणतात, कार्ब्युरेटर (इंजिनात जाणारं पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) बदला. मूळचा कोणता, हे कसं ओळखायचं?
— एक संत्रा बागायतदार, काटोल

उत्तर : आधी ट्रॅक्टरच्या सिरियल नंबरच्या पट्टीवरची अक्षरं वाचा. टीईए म्हणजे पेट्रोल. टीईडी म्हणजे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. टीईएफ डिझेल, त्याला कार्ब्युरेटरच नसतो. पहिल्या दोघांना मूळचा झेनिथ 24 टी-2. कार्ब्युरेटरच्या अंगावर ओतलेला आकडा मात्र बहुतेकदा साच्याचा असतो, मॉडेलचा नव्हे. तो दाखवून दुरुस्तीचं किट मागितलं की हमखास चुकीचं मिळतं.

पण बदलायची घाई नको. कार्ब्युरेटरकडची नळी सोडून खाली बाटली धरा. दोन मिनिटांत अर्धा लिटर पेट्रोल आलं पाहिजे. धार मधेच बारीक झाली, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र आणि कॉकखालची जाळी साफ करा. धार नीट असेल, तर बंद पडताक्षणी स्पार्क बघा. स्पार्कला वीज देणारी कॉइल गरम झाली की तीही असाच दगा देते. टीईडी नुसत्या पेट्रोलवर चालवत असाल, तर आणखी एक कारण आहे. रॉकेलची वाफ व्हावी म्हणून त्याचा मॅनिफोल्ड (मिश्रण इंजिनात नेणारी नळी) मुद्दाम तापता ठेवलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात त्याच्या धगीनं पेट्रोल उकळतं.

प्रश्न : फोर्ड 8 एन ट्रॅक्टर. कार्ब्युरेटरला नवीन किट टाकलं, तरी हवेच्या तोंडातून पेट्रोल टपकतं.
— एक वाचक, हिंगणा

उत्तर : कार्ब्युरेटरच्या गोल चकतीवर टीएसएक्स 241 हा मॉडेल नंबर लिहिलाय ना, तेवढं पाहून घ्या. पेट्रोल अडवणारी सुई नवी आणि ती जिथे टेकते ती सीट जुनी ठेवली, तर गळणारच. दोन्ही जोडीनं बदला. फ्लोट, म्हणजे आतला तरंगता पोकळ डबा, गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो फुटका. झाकण उलटं धरून गॅस्केट आणि फ्लोट यांत पाव इंच, म्हणजे सुमारे 6.4 मिमी अंतर हवं, दोन्ही बाजूंना सारखं. झाकण काचेवर ठेवून डुगडुगतं का पाहा. डुगडुगलं तर काचेवर एमरी पेपर पसरून आठच्या आकड्यात घासा. हवेच्या तोंडाखालचं छिद्र एम-सीलनं बुजवू नका, सांडलेलं पेट्रोल बाहेर जायला ती वाट ठेवलेली आहे.

जोडल्यावर मेन आणि आयडल (इंजिन मोकळं चालतानाचा) हे दोन्ही मिश्रणाचे स्क्रू हलक्या हातानं टेकवा आणि दीड-दीड आटे सोडा. आवळले तर टोकाला खाच पडते, मग सेटिंग कधीच बसत नाही. खालचा मेन स्क्रू सोडला की पेट्रोल वाढतं. आयडलचा उलटा, तो हवेचा आहे, सोडला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. बहुतेक मिस्त्री इथेच फसतात.