खऱ्या व्यक्तीवरील कादंबरी आणि संशोधनातले योगायोग

खऱ्या माणसावर ऐतिहासिक कादंबरी लिहू लागले की अंगावर काटा आणणारे योगायोग घडतात का, आणि घडलेच तर त्यांना संकेत मानावे का, असे आपण विचारले आहे. मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि गाडगेबाबांवर कादंबरी लिहीत आहे. तिचा मोठा भाग, डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, हा याच तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरे राखत आणि शेती करत वाढला, तिथपासून 1905 साली त्याने घर सोडले तिथपर्यंतचा आहे. योगायोग घडतात, पुष्कळ घडतात; परंतु ते तपासून पाहिले की बहुतेकांचे कारण सापडते, आणि लेखकाला त्या योगायोगापेक्षा त्याचे कारणच अधिक उपयोगी पडते.

मला सर्वांत चकित केले ते एका तारखेने. गाडगेबाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, आणि शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले ती तारीख 23 फेब्रुवारी 1878. वऱ्हाडातले दोन संत आणि एकच तारीख, हे पाहून मी एक अख्खे प्रकरण मनात रचूनही टाकले होते. मग तिथी पाहिल्या. 1876 साली त्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे माघ वद्य 14 होती. 1878 साली माघ वद्य 7. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे दोन वर्षांत तिथी 22 दिवस अलीकडे येते, आणि मध्ये एक अधिक मास पडला की महिनाभर पुढे ढकलली जाते; एकूण हिशेबात ती आठेक दिवस उशिरा येते आणि चतुर्दशीच्या तारखेला सप्तमी येऊन बसते. शेगावचा प्रकटदिन आजही तिथीनेच साजरा होतो. म्हणजे हा योगायोग इंग्रजी कॅलेंडरात आहे, पंचांगात नाही. माझी पात्रे अमावास्या-पौर्णिमेने दिवस मोजणारी, त्यांना तो दिसला असता कसा? ते प्रकरण मी लिहिले नाही.

दुसरा प्रकार नावांचा. एका प्रसंगासाठी मी सखाराम वल्द गोविंदा, म्हणजे गोविंदाचा मुलगा सखाराम, नावाचा गाडीवान मनानेच उभा केला होता. पुढे तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद शोधायला आलेल्या लोकांच्या गर्दीत बसून गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक चाळत असताना, कडा झडलेल्या पिवळ्या पानावर नेमके तेच नाव वाचले आणि क्षणभर हात थांबला. आणखी पाने उलटली तेव्हा सखाराम, गोविंदा, गणपत, तुकाराम हीच नावे फिरून फिरून येत राहिली. गावात नावेच मोजकी असतील, तर कल्पनेतला माणूस नोंदवहीत भेटणारच. ती नोंदवही मात्र नंतर कामी आली, कारण त्या पानांवरून मी दुय्यम पात्रांच्या नावांची यादीच उतरवून घेतली.

माणसे भेटतात त्याचेही असेच आहे. एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने “तुमी कोन्या गावचे?” एवढे विचारले, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच्या आजोबांनी ऋणमोचनच्या यात्रेत बाबांबरोबर झाडू मारल्याची हकीकत माझ्या वहीत उतरली होती. ज्या माणसाने गावोगाव झाडून काढले, त्याच्या आठवणी याच भागातल्या बसमध्ये भेटणे नवलाचे नाही. नवल तेव्हा वाटले, जेव्हा मी रचलेला एक संवाद एका आजींच्या तोंडून जवळजवळ शब्दशः ऐकला. बहुधा लहानपणी कीर्तनात तो माझ्याही कानावर पडला असावा. म्हणून आपल्याला एकच सुचवीन: प्रत्येक योगायोगापुढे तो कोणाकडून कळला आणि आपण आपला मजकूर त्याच्या आधी लिहिला होता का, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. सहा महिन्यांनी स्मरणशक्ती क्रम बदलून टाकते.

एक योगायोग मात्र मी ठेवला आहे. 1949 साली बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. पुढे 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले आणि 20 डिसेंबरला अमरावतीजवळ गाडगेबाबा गेले. या 14 दिवसांत बाबांच्या मनात काय चालले असेल याच्या दंतकथा पुष्कळ ऐकायला मिळतात, त्यांतली एकही मी घेतलेली नाही. शेवटच्या प्रकरणात दोन्ही तारखा आहेत, आणि त्यांच्यामध्ये बाबांच्या तोंडी एकही वाक्य नाही.