पहिल्या रिन्यूअलला बसण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक शुभेच्छा. कर्मचाऱ्यांच्या गट आरोग्य विम्याचं रिन्यूअल यंदा तुझ्याकडे आलंय. पॉलिसी संपायच्या 90 दिवस आधीच कामाला लाग. शेवटच्या पंधरवड्यात दुसरीकडून दर मागवायला वेळ उरत नाही आणि समोरून येईल तो आकडा मुकाट्याने घ्यावा लागतो.

आधी क्लेमचा अहवाल माग. रेशो, म्हणजे प्रीमियमच्या तुलनेत क्लेमचं प्रमाण, कमी दिसला म्हणून हुरळून जाऊ नकोस. समज, वर्षाचा प्रीमियम 100 आणि 9 महिन्यांचे क्लेम 72. हा रेशो 72 टक्के नव्हे. 9 महिन्यांच्या वाट्याचा प्रीमियम 75, म्हणजे रेशो 96 टक्के. मंजूर होऊन पैसे न दिलेले आणि उपचार होऊनही अजून न कळवलेले क्लेम यात धरलेत का, तेही विचार. एखादाच फार मोठा क्लेम असेल तर तो वेगळा काढून दाखव. तसा खर्च दरवर्षी येत नाही.

दर उतरवायला तुला दोन गोष्टी सुचवल्या जातील. को-पे सरळ आहे: 10 टक्के असेल तर मान्य बिलाचा दहावा हिस्सा कर्मचाऱ्याच्या खिशातून. खोलीभाड्याची मर्यादा मात्र फसवी. मर्यादा दिवसाला 5,000 आणि खोली 8,000 ची, तर रोजचे 3,000 च भरायचे असं सगळ्यांना वाटतं. पण प्रमाणशीर कपातीचं कलम असेल तर डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचं शुल्क, असे खोलीच्या दर्जाबरोबर चढणारे खर्चसुद्धा 8,000 ला 5,000 याच प्रमाणात, म्हणजे 62.5 टक्केच मिळतात. हे लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं. मग ते भांडायला तुझ्याच टेबलाशी येतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मर्यादा घालावीच लागली तर निदान हे कलम काढायला लाव. त्यापायी प्रीमियम थोडा वाढला तरी माझ्या मते परवडलं.

सदस्ययादी तपासणं कंटाळवाणं आहे, पण ते दुसऱ्यावर ढकलू नकोस. नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी जुळली नाही की ऐन वेळी कॅशलेस अडकतं.

कर्मचाऱ्यांना अख्खी पॉलिसी पाठवलीस तर कोणी वाचणार नाही. एकच पान पाठव: जुना आकडा, शेजारी नवा आकडा, कव्हर निवडायच्या फॉर्मची शेवटची तारीख. आणि फॉर्म भरलाच नाही तर काय होईल, हे सगळ्यात वर. मूळ कव्हर बहुधा आपोआप पुढे चालतं. आईवडिलांचं कव्हर, टॉप-अप (मूळ रकमेच्या वरचं जादा कव्हर) असे ऐच्छिक भाग मात्र पुष्कळ ठिकाणी दरवर्षी नव्याने निवडावे लागतात. तारीख हुकली तर थेट पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबणं आलं. लग्न किंवा मूल झाल्यास मध्येच नाव घालता येतं, पण त्यालाही थोड्याच दिवसांची मुदत असते.

जुनी पॉलिसी संपते त्या रात्री कोणी ॲडमिट असेल, तर त्याचं बिल जुन्या वर्षात जाणार की नव्या, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घे. आणि तो मेल त्याच्या घरच्यांच्या फोनवर पोचलाय याची खात्री कर.