साडेचार महिन्यांची मुलगी, फक्त अंगावरचं दूध. वजन कमी वाढतंय का?

तुमचे आकडे आधी आमच्या रजिस्टरात मांडतो तसे मांडून बघितले. जन्मताना 2.8 किलो, तीन महिने भरले तेव्हा 5.2, आता साडेचार महिन्यांना 5.9. सासूबाईंचं म्हणणं असं की आधी महिन्याला आठशे ग्रॅम वाढायची, आता दीड महिन्यात सातशेच. म्हणजे दूध पुरत नाही, डब्याचं दूध आणा. त्यात चवथीला आलेल्या पाहुण्यांनी शेजारचं साडेसात किलोचं बाळ दाखवून तुमची झोप उडवली.

मी गोव्यात डिचोली तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, वीस वर्षं होत आली. डॉक्टर नव्हे, पण बाळं पुष्कळ जोखलीत. तुमचे तिन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या तक्त्यावर टाका. तिन्ही ठिपके जवळजवळ एकाच रेषेवर येतात. शंभर निरोगी मुली सगळ्यात हलकीपासून सुरुवात करून वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या तर तुमची बाय जन्मली तेव्हा साधारण पंधराव्या-सोळाव्या जागी होती, तीन महिन्यांची असताना तिथेच होती आणि आजही तिथेच आहे. लहानखुरी आहे, पण घसरलेली नाही. वेग मंदावलाय तो सगळ्याच बाळांचा मंदावतो, म्हणून ती रेषाच तिथे वाकलेली असते. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 25-30 ग्रॅम वाढणारं बाळ पुढे 15-20 वर येतं. तुमचे सातशे ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण 15.

आणि शेजारचं बाळ मुलगा असेल तर त्याचा तक्ताच वेगळा.

हा तक्ता कुठून आला तेही सासूबाईंना सांगा. त्याआधी जगभर 1977 सालचे अमेरिकी तक्ते चालायचे, आणि त्यातली बरीच बाळं डब्याच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने जोरात वाढतं आणि मग डब्याच्या बाळापेक्षा हळू चालतं. त्यामुळे त्या जुन्या तक्त्यावर चांगली धडधाकट पोरंसुद्धा चौथ्या महिन्यापासून मागे पडल्यासारखी दिसायची. 2006 साली नवा तक्ता आला तो आईच्या दुधावरच्या बाळांना मोजून, सहा देशांतल्या. त्यात आपल्या दिल्लीचीही होती. तेव्हा ‘परदेशातलं माप आपल्याला कशाला’ हेही चालायचं नाही.

आता काट्याचं. तुम्ही लिहिलंय की एक वजन दवाखान्यातलं आणि एक घराजवळच्या केंद्रातलं. इथेच निम्मे घोळ होतात. माझाच एक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे टांगायचा काटा होता, बाळाला झोळीत घालून लटकवायचं. एका महिन्यात मी झोळीचं वजन वजा करायला विसरले, पुढच्या महिन्यात आठवणीने केलं. कागदावर बाळ पाव किलोने उतरलं! मी चूक शोधेपर्यंत त्या आईने डबा आणला होता, बाळ अंगावर कमी ओढायला लागलं, आणि ओढणंच कमी झालं की दूधही कमी होतं. ते परत आणायला तिला फार कष्ट पडले. अजून तिचं घर आलं की मी जरा वाकून जाते.

म्हणून काटा एकच ठेवा, वेळ साधारण एकच, बाळ उघडं, लंगोट कोरडा, पायातले वाळेसुद्धा काढून. नुकतं पिऊन झालेलं बाळ सहज शंभर ग्रॅम जास्त भरतं. महिन्यातून एकदा पुरे, रोज जोखू नका. लांबी आडवं झोपवून, दोघींनी मिळून मोजायची. डोक्याचा घेर टेपने. ते दोन्ही आपल्या रेषेवर चाललेले असले की वजनाचा थोडा चढउतार मी मनावर घेत नाही.

एक गोष्ट मात्र सरकारी वेळापत्रकातच अडचणीची आहे. सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लशींना बाळ काट्यावर चढतं, आणि मग थेट नवव्या महिन्याला. नेमका वेग मंदावतो त्याच काळात वजनच होत नाही आणि सगळे नजरेने अंदाज बांधतात. अंगणवाडीत दर महिन्याला घेऊन या, त्यासाठीच आम्ही बसलोत.

डॉक्टरकडे लगेच कधी? ठिपके रेष सोडून खालच्या रेषेकडे जायला लागले, महिनाभर वजन तसंच राहिलं किंवा उतरलं, दिवसरात्रीत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, बाळ मलूल झालं, पिताना लगेच दमायला लागलं तर. तेव्हाही आधी बाळ नीट ओढतंय का ते कुणी जाणत्याने बघायला हवं, डब्याचं नंतर. कधी लघवीतला जंतुसंसर्गही निघतो, तो दूध वाढवून बरा होत नाही.

पेजेची निवळ ‘दोनच चमचे’ म्हणून भरवायला निघतील, तीही आता नको. सहा महिने भरू देत. सासूबाईंना काहीतरी करायचंच असेल तर नारळाचा रस आणि गूळ घालून नाचणीचं तिजण करायला सांगा. ते तुम्ही प्यायचं.