वाचकांचे प्रश्न : सोतो गेल्यानंतरचे दोन हिवाळे

न्यूयॉर्कच्या दोन बेसबॉल संघांविषयी, म्हणजे यँकीज आणि मेट्स यांच्याविषयी, आलेली पत्रे या वेळी एकत्र घेत आहे. त्यांतली बरीच न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून आली आहेत, आणि एकाच घरात दोन्ही संघांचे चाहते असल्यामुळे काही पत्रांचा सूर प्रश्नाचा कमी आणि तक्रारीचा अधिक आहे. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या शेवटची विजेतेपदाची मालिका, संपल्यापासून फेब्रुवारीत सराव शिबिरे सुरू होईपर्यंतच्या काळात संघ खेळाडू घेतात, सोडतात, त्यांची अदलाबदल करतात आणि कोणते प्रशिक्षक ठेवायचे हे ठरवतात. चाहत्यांची खरी भांडणे याच काळात होतात.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : डिसेंबर २०२४मध्ये यँकीजने ह्वान सोतोला १६ वर्षांसाठी ७६ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. मेट्सने १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख दिले आणि तो तिकडे गेला. अवघ्या ५० लाखांसाठी असा फलंदाज हातचा जाऊ देणे हा करंटेपणा नव्हे काय?

उत्तर : फरक ५० लाखांचा होता असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते पूर्ण खरे नाही. मेट्सच्या करारात वर्षे एकाने कमी असल्यामुळे वार्षिक सरासरी ५ कोटी १० लाखांवर जाते, तर यँकीजच्या प्रस्तावात ती ४ कोटी ७५ लाख होती. शिवाय मेट्सने ७ कोटी ५० लाख डॉलर करारावर सही करतानाच देण्याचे मान्य केले, एकही डॉलर पुढच्या काळासाठी लांबणीवर टाकला नाही, आणि २०२९च्या हंगामानंतर करार मोडण्याचा अधिकारही सोतोला दिला. तो अधिकार त्याने वापरू नये असे वाटल्यास मेट्सला उरलेल्या दहा वर्षांत एकूण ४ कोटी डॉलरची भर घालून त्याला थांबवता येते. एक वर्षापूर्वी शोहेइ ओतानीने लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाशी केलेल्या ७० कोटींच्या करारातले ६८ कोटी त्याला करार संपल्यानंतर मिळायचे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे सोतोच्या कराराचे वजन कळते. सोतोच्या कराराची रक्कम आपल्या रुपयांत, त्या वेळच्या दराने, सुमारे साडेसहा हजार कोटी होती.

यँकीजने आकडा आणखी वाढवला असता तरी मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन तिथेच थांबले असते असे मानायला मला आधार दिसत नाही. करंटेपणा शोधायचाच असेल तर तो डिसेंबर २०२४मध्ये नव्हे, एक वर्ष आधी शोधावा. डिसेंबर २०२३मध्ये यँकीजने सोतोसाठी सॅन दिएगो संघाला मायकेल किंगसह पाच खेळाडू दिले, आणि सोतोला करारमुक्त व्हायला तेव्हा एकच हंगाम उरला होता. त्या एका हंगामात त्याने ४१ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके) मारले आणि संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला, म्हणून हा व्यवहार मी तोट्याचा म्हणणार नाही. पण ज्या खेळाडूने २०२२मध्ये वॉशिंग्टन संघाचे ४४ कोटी नाकारले होते तो बाजारात उतरणार हे त्या वेळीही स्पष्ट होते.

प्रश्न (पुणे) : आयपीएलप्रमाणे लिलाव आणि ठरलेली थैली ठेवली तर हा असमतोल राहणार नाही. अमेरिकेत तसे का करत नाहीत?

उत्तर : खेळाडूंची संघटना ते होऊ देत नाही. १९७५च्या लवाद निर्णयानंतर खेळाडूंना संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि आज मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च साखळीत, सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की खेळाडू कोणाशीही करार करू शकतो. कमाल मर्यादेऐवजी तिथे कर आहे : २०२५मध्ये ज्या संघाचा पगारखर्च २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेला त्याला वरच्या रकमेवर कर भरावा लागला, आणि सलग वर्षे मर्यादा ओलांडणाऱ्याचा दर चढत जातो. श्रीमंत मालकाला हा कर बोचतो, अडवत मात्र नाही.

प्रश्न (पार्सिपनी, न्यू जर्सी) : सोतोसाठी राखलेल्या पैशांतून यँकीजने चार जणांना आणले. एका मोठ्या खेळाडूची जागा चार मध्यम खेळाडू भरून काढू शकतात का?

उत्तर : मॅक्स फ्रीडला मध्यम म्हणणे मला मान्य नाही. आठ वर्षांचा २१ कोटी ८० लाखांचा त्याचा करार डावखुऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) तोवर मिळालेला सर्वांत मोठा करार होता, आणि त्याने पहिल्याच हंगामात १९ सामने जिंकून दिले. मार्च २०२५मध्ये प्रमुख पिचर गेरिट कोलच्या कोपरावर शस्त्रक्रिया होऊन तो संपूर्ण हंगामाला मुकला, तेव्हा फ्रीड नसता तर संघाची काय अवस्था झाली असती याचा विचार सोतोसाठी हळहळणाऱ्यांनी जरूर करावा. कोडी बेलिंजर शिकागोकडून जवळजवळ फुकट मिळाला. एक पिचर देऊन तो आला, वर शिकागोने काही पैसेही दिले, आणि त्याने २९ होमरन मारले. सदतिशीतला पॉल गोल्डश्मिट एका वर्षासाठी १ कोटी २५ लाखांत आला आणि त्याने पहिल्या बेसवरची जागा नीट सांभाळली.

फसला तो डेव्हिन विल्यम्स. सामन्याच्या अखेरच्या डावात आघाडी राखण्यासाठी मिलवॉकीकडून त्याला आणले, पण एप्रिल संपण्यापूर्वीच ते काम त्याच्याकडून काढून घ्यावे लागले, आणि हंगामअखेर दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी ४.७९ होती. (त्याच हिवाळ्यात यँकीजने १९७६पासून चालत आलेली दाढीबंदी शिथिल केली. मिलवॉकीत दाढी राखणाऱ्या विल्यम्सला त्याचा लाभ झाला. चेंडूला मात्र झाला नाही.)

हिशेब मांडायचा तर २०२५मध्ये यँकीजने ९४ सामने जिंकले. तेवढेच टोरंटोने जिंकले, परंतु आपसांतल्या सामन्यांत टोरंटो सरस असल्याने गटाचे पहिले स्थान त्यांना मिळाले, आणि पुढे त्याच संघाने यँकीजना ३-१ असे बाहेर काढले. सोतोने मेट्ससाठी ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले (म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला), आणि तरीही मेट्स ८३ विजय आणि ७९ पराभवांवर थांबून बाद फेरीलाही पोहोचले नाहीत. म्हणून सोतो वाईट ठरला असे नाही. त्याने आपले काम चोख केले. परंतु त्याच्याशिवाय यँकीज कोसळतील हे हिवाळ्यातले भाकीत खोटे ठरले, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

प्रश्न (ठाणे) : वर्ल्ड सिरीजमधल्या डॉजर्सविरुद्धच्या ३० ऑक्टोबर २०२४च्या सामन्यात ५-० अशी आघाडी असताना एका डावात सर्व घालवणाऱ्या यँकीजच्या मॅनेजरला (मैदानावरच्या मुख्य प्रशिक्षकाला), ॲरन बूनला, काढण्याऐवजी २०२७पर्यंत मुदतवाढ मिळाली. हे कोणत्या न्यायाने?

उत्तर : ज्यांनी तो पाचवा डाव पाहिला नाही त्यांच्यासाठी : यँकीजच्या ॲरन जजकडून सोपा झेल सुटला, वोल्पीची तिसऱ्या बेसकडची फेक चुकली, आणि दोन बाद असताना डॉजर्सच्या बेट्सने मारलेल्या साध्या चेंडूवर पिचर कोल पहिल्या बेसकडे धावलाच नाही. डॉजर्सने त्या डावात पाच धावा केल्या, सामना ७-६ असा जिंकला आणि त्याबरोबर विजेतेपदही. या तिन्ही चुका शाळकरी संघालाही शिकवल्या जातात त्या प्रकारच्या होत्या, आणि चाहत्यांचा राग नेमका यासाठीच होता. तो मला रास्त वाटतो.

तरीही बूनला काढल्याने काय बदलले असते हे पत्रलेखकांपैकी कोणी सांगितलेले नाही. खेळाडू निवडण्याचे अधिकार मॅनेजरकडे नसतात; ते १९९८पासून जनरल मॅनेजर असलेल्या ब्रायन कॅशमन यांच्याकडे आहेत. बूनचा संघ २०१८पासून एकाही हंगामात पराभवांपेक्षा कमी विजयांवर थांबलेला नाही, आणि मालक हाल स्टाइनब्रेनर यांना घाईची सवय नाही. त्यांचे वडील जॉर्ज यांना ती पुष्कळ होती : बिली मार्टिन यांना त्यांनी १९७५ ते १९८८ या काळात पाच वेळा मॅनेजर केले आणि पाचही वेळा ते पद गेले. त्या धरसोडीत १९७७चे विजेतेपद आले हे खरे, परंतु १९८०चे संपूर्ण दशक एकाही विजेतेपदाविना गेले, हेही तितकेच खरे आहे.

माझा आक्षेप बूनला ठेवण्यावर नाही. क्षेत्ररक्षण आणि बेसवरची धाव यांतल्या उणिवा उघड दिसत असताना मुदतवाढ देताना त्या सुधारण्याची जबाबदारी कोणाची, हे क्लबने चाहत्यांना स्पष्ट सांगितले नाही, यावर आहे.

प्रश्न (एडिसन, पहिल्या पत्रलेखकांची कन्या) : बाबांचा संघ निदान बाद फेरीत तरी गेला. आमच्या मेट्सने मात्र मॅनेजर ठेवून कोच काढले, आणि आता अलोन्सो आणि दियास यांनाही जाऊ दिले. सोतोला आणले ते कशासाठी?

उत्तर : तुझा राग समजण्यासारखा आहे. १२ जून २०२५ला ४५-२४ असा संघ उरलेल्या हंगामात ३८-५५ होतो, तेव्हा कोणाचा तरी बळी जातोच. मॅनेजर कार्लोस मेंडोसा राहिले. पिचिंग कोच जेरेमी हेफनर आणि दोन्ही बॅटिंग कोच गेले. पिचरच दुखापतींनी खिळखिळे झालेले असताना पिचिंग कोचने काय करायचे होते, हा प्रश्न मला तुझ्याइतकाच पडतो.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र सर्व निर्णय एका मापाने मोजू नयेस. मेट्सच्या ब्रँडन निमोला टेक्सास संघाला देऊन मार्कस सेमियनला घेण्यामागे क्षेत्ररक्षण सुधारण्याचा विचार दिसतो आणि निमोचा लांब करारही त्यामुळे डोक्यावरून उतरतो, म्हणून तो व्यवहार मला पटतो. अखेरच्या डावात आघाडी राखणारा एडविन दियास तीन वर्षांच्या ६ कोटी ९० लाखांवर डॉजर्सकडे गेला आणि त्याच्या जागी यँकीजकडून नुकताच सुटलेला विल्यम्स आला. तुझे बाबा यावर हसत असतील, पण विल्यम्सचा मिलवॉकीतला खेळ पाहता हा जुगार अगदी निराधार नाही.

पीट अलोन्सोला पाच वर्षांच्या १५ कोटी ५० लाखांवर बाल्टिमोरला जाऊ देणे मला सर्वांत कठीण वाटते. क्लबच्या इतिहासात त्याच्याइतके होमरन कोणीही मारलेले नाहीत हा भावनेचा भाग सोडून दे. सोतोला २०२५मध्ये १२७ वॉक मिळाले, म्हणजे तेवढ्या वेळा तो न मारताच पहिल्या बेसवर गेला, आणि बहुतेक वेळा त्याच्या मागोमाग बॅटिंगला येणारा अलोन्सो होता. अलोन्सोने आपल्या फलंदाजीने १२६ धावा घरी आणल्या. पाच वर्षांनंतर अलोन्सो पहिल्या बेसवर कसा खेळेल ही शंका रास्त आहे, परंतु एप्रिल २०२६मध्ये सोतोच्या मागे कोण उभा राहणार, याचे उत्तर व्यवस्थापनाने आधी द्यायला हवे होते.