पनवेल कोकणात, मग खासदार मावळचा कसा?

हा प्रश्न पनवेलला नव्याने राहायला आलेला प्रत्येकजण विचारतो. पूर्वी पनवेल कुलाबा लोकसभा मतदारसंघात होतं. 2008च्या पुनर्रचनेत कुलाबा नाव गेलं, रायगड आलं, आणि पनवेल, उरण, कर्जत हे तिन्ही विधानसभा मतदारसंघ घाटावरच्या मावळ, चिंचवड आणि पिंपरी (हा अनुसूचित जातींसाठी राखीव) यांना जोडले गेले आणि मावळ लोकसभा मतदारसंघ तयार झाला. मध्ये उभा बोरघाट! इकडे उरणचे आगरी-कोळी, जेएनपीटी बंदराचे प्रकल्पग्रस्त, खारघर-कामोठ्याचे फ्लॅटवाले. तिकडे कारखान्यांची उद्योगनगरी. 2009ला गजानन बाबर निवडून आले, 2014पासून सलग तीनदा श्रीरंग बारणे. दोघेही घाटावरचे, त्यामुळे ‘आमचा खासदार वर राहतो’ ही इथली कुरकुर अगदीच खोटी नाही.