गाडी तीन महिने उभी राहणार आहे, बॅटरीची वायर काढून ठेवावी का? आधी कोणती काढायची?

काढा, आणि आधी निगेटिव्ह. किंबहुना नुसती गाडी उभी ठेवायची असेल तर पॉझिटिव्हला हात लावायची गरजच नाही.

कारण साधं आहे. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पान्याचं दुसरं टोक जवळच्या पत्र्याला टेकलं, की थेट शॉर्ट. ठिणग्या उडतात, पाना क्षणात तापतो. चार्जिंगनंतर बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असला तर मग विचारूच नका. निगेटिव्ह आधी निघाली असेल, तर तोच पाना पत्र्याला लागून काहीही होत नाही. जोडताना उलट क्रम: निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. काढलेली वायर परत टर्मिनलवर टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून बाजूला बांधा.

पण वायर काढली म्हणजे काम झालं, असं नाही. बंद गाडीतही अलार्म, सेंट्रल लॉक वगैरे मिळून २० ते ५० मिलीअँपिअर करंट खातात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात झोपते. हे वायर काढून थांबतं. बॅटरी स्वतःहून हळूहळू उतरते ते मात्र थांबत नाही, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, तो पुढे निघता निघत नाही. म्हणून आधी फुल चार्ज करा. काही तासांनी मल्टिमीटर लावलात तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मधे कधी १२.४च्या खाली गेली तर पुन्हा चार्जर लावा.

‘आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. स्टार्टरने घेतलेला करंटही तेवढ्यात धड भरून निघत नाही, वर इंजिन नीट तापत नाही ते वेगळंच.

वायरिंगचं काम करणार असाल तरी हाच क्रम. एअरबॅगच्या जवळपास जायचं असेल तर वायर काढूनही लगेच हात घालू नका. त्यात काही वेळ चार्ज शिल्लक राहतो. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

आणि हो, बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं लॉक विजेवर चालत असेल, तर वायर काढल्यावर डिकी लावण्याआधी ती बाहेरून किल्लीने उघडते का, ते बघून घ्या. वायर परत जोडल्यावर म्युझिक सिस्टिम चालू करायला कोड लागत असेल तर तोही आधीच शोधून ठेवा.