वाचकांचे प्रश्न : विजेत्या वन्यजीव छायाचित्रांच्या मागची गोष्ट

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमतर्फे दरवर्षी भरवल्या जाणाऱ्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेविषयी गेल्या अंकात लिहिले होते. ही स्पर्धा १९६५ पासून चालत आलेली आहे. २०२५ मध्ये तिच्यासाठी साठ हजारांहून अधिक छायाचित्रे आली आणि त्यांतून प्रदर्शनासाठी १०० निवडली गेली. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : २०२० च्या विजेत्या छायाचित्रात वाघीण झाडाला मिठी मारून उभी आहे. ती तेथे आली तेव्हा छायाचित्रकार जंगलात नव्हताच, कॅमेऱ्याने छायाचित्र आपोआप टिपले, असे वाचले. मग हे कौशल्य माणसाचे म्हणायचे की यंत्राचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते निःसंशय माणसाचे कौशल्य आहे. रशियाच्या अतिपूर्वेकडील ‘लँड ऑफ द लेपर्ड’ राष्ट्रीय उद्यानात सर्गेई गोर्शकोव्ह यांनी हे छायाचित्र घेतले. अमूर वाघांची संख्या इतकी कमी आणि त्यांचा वावर इतका विस्तीर्ण प्रदेशात, की केवळ फिरून वाघ दिसण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी वाघ शोधण्याऐवजी वाघाच्या खुणा शोधल्या. झाडांच्या सालीवरचे ओरखडे, अडकलेले केस, मुताचा वास, विष्ठा हे सारे पाहत पाहत ते मांचुरियन फर या सूचिपर्णी जातीच्या एका थोराड झाडापाशी आले आणि त्याच्यासमोर जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी, प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा लावला. हवे तसे छायाचित्र मिळाले ते थेट नोव्हेंबरमध्ये. आपल्याला जी मिठी वाटते, ती वाघिणीच्या दृष्टीने हद्दीची नोंद आहे. गाल आणि अंग खोडावर घासून ती आपला गंध मागे ठेवते. हजारो खोडांमधून नेमके तेच खोड निवडणे, प्रकाश कोणत्या बाजूने येईल आणि वाघीण चौकटीत कोठे उभी राहील याचा महिनोन्‌महिने आधी अंदाज बांधणे, हे काम यंत्र करत नाही.

मी स्वतः एकदा सिंधुदुर्गातल्या एका वहाळाच्या काठी असा कॅमेरा बांधला होता. पहिल्या नऊ रात्रींत वाऱ्याने हलणारे गवत तेवढे टिपले गेले. मग सकाळी वाकून ओल्या मातीत पाहिले, तर पंज्यांचे बारीक ठसे कॅमेऱ्याच्या समोरून नव्हे, तर मागच्या दगडावरून गेले होते. कॅमेरा त्या दगडाकडे वळवल्यावर तिसऱ्या रात्री उदमांजर आले. ठसे कसे वाचायचे हे मला त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हते आणि ते शिकल्याखेरीज पुढचे काहीच साधले नसते.

याच पद्धतीचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये शहरी विभागात विजेते ठरलेले नयन खानोलकर यांचे छायाचित्र. मुंबईत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीतल्या एका वारली पाड्याच्या बोळातून बिबट्या चालला आहे. खानोलकरांनी फ्लॅशचे दिवे असे लावले की बोळातला नेहमीचा उजेडच वाटावा, आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये. मला ते छायाचित्र फार मोलाचे वाटते, कारण त्यात घर आणि बिबट्या दोघांनाही सारखीच जागा आहे, आणि वाघोबाला देव मानणाऱ्या वारल्यांचे जगणेही तसेच आहे.

प्रश्न : भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या छायाचित्राला या स्पर्धेत गौरव मिळाला होता ना? यंदा जूनच्या सुरुवातीला आम्ही काही मित्र तसेच छायाचित्र घेण्यासाठी तिकडे जाणार आहोत. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होय. ऐश्वर्या श्रीधर यांच्या त्या छायाचित्राला २०२० मध्ये अपृष्ठवंशीयांच्या (कीटकांसारख्या, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या) वर्तनाच्या विभागात विशेष उल्लेखनीय म्हणून गौरवण्यात आले. काजव्यांनी लगडलेले झाड आणि मागे रात्रीचे आकाश, असे ते दृश्य आहे.

काळजीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण दरवर्षी मे अखेरीस घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या रस्त्यांवर गाड्यांच्या ज्या रांगा लागतात, त्या पाहून जीव कळवळतो. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. नर चमकत उडतो, मादी खालून किंवा पानावरून ठरावीक अंतराने उत्तर देते, आणि त्या उत्तराच्या लयीवरून नर तिला ओळखतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे असते. त्यातली एक रात्र गाडीच्या दिव्यांनी उजळून टाकली, तर ती रात्र त्यांच्यासाठी वायाच गेली. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते थव्याने दिसतात म्हणून लोक खोडाला अगदी खेटून उभे राहतात. पण बऱ्याच माद्या आणि पुढच्या पिढीच्या अळ्या त्याच झाडाखालच्या ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात असतात, आणि त्या आपल्या बुटांखाली येतात.

तेव्हा उजेड असतानाच जागा निवडावी, ट्रायपॉड पायवाटेवरच लावावा आणि अंधार पडल्यावर जागचे हलू नये. बॅटरी लावावीच लागली, तर तिच्यावर लाल कागद गुंडाळून ती पायांपुरतीच वापरावी. फ्लॅशचा तर येथे काही उपयोगच नाही, कारण काजव्याचा प्रकाश दीर्घ एक्सपोजरमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवला तरच, उमटतो आणि फ्लॅशमध्ये तो पुसला जातो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरण्याच्या वेळा आधी वनखात्याकडे विचाराव्यात आणि गावातला माहीतगार वाटाड्या बरोबर घ्यावा. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळावा.

प्रश्न : छायाचित्रात मध्ये आलेली काटकी संगणकावर पुसली तर ती फसवणूक ठरते का? आणि खरी फसवणूक परीक्षकांना कशी कळते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : या स्पर्धेत ठरते. उजेड-सावली जुळवणे, कडा कापणे, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणे चालते. चौकटीत असलेली वस्तू काढणे किंवा नसलेली आणणे चालत नाही. पुढच्या फेरीत पोहोचलेल्यांकडून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, संस्कार न केलेली फाइल) मागवली जाते, त्यामुळे काटकी कोठे होती हे दिसतेच.

प्राण्याच्या बाबतीतली लबाडी शोधणे त्याहून अवघड असते. २००९ च्या सर्वोच्च विजेत्या छायाचित्रात एक लांडगा कुंपणाच्या फाटकावरून उडी मारत होता. तो माणसाळवलेला, शिकवलेला लांडगा असावा अशा निष्कर्षाला परीक्षक आले आणि २०१० च्या जानेवारीत पारितोषिक काढून घेण्यात आले. २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या वारुळापुढच्या मुंगीखाऊचे छायाचित्र आपल्या विभागात पहिले आले. पुढे तज्ज्ञांनी त्या प्राण्याच्या केसांचे झुबके, खुणा आणि उभे राहण्याची ढब एमास राष्ट्रीय उद्यानातल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी ताडून पाहिली. त्यांच्या मते तो प्राणी तोच होता आणि छायाचित्र अपात्र ठरले. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. मला स्वतःला काटकी पुसण्यापेक्षा जिवंत सावज बांधून शिकारी प्राण्याला पुढे आणणे कितीतरी अधिक गंभीर वाटते, कारण पहिल्यात फक्त बघणारा फसतो, दुसऱ्यात जीव जातो. तेही या स्पर्धेत निषिद्धच आहे.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला निसर्गाची छायाचित्रे घ्यायला आवडतात. मोठी लेन्स घेणे आम्हाला परवडणारे नाही आणि जंगल सफारीही नाही. तिने अशा स्पर्धेचा विचार करावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अवश्य करावा. या स्पर्धेत लहानांसाठी वयाचे तीन गट आहेत. आपली मुलगी ११ ते १४ च्या गटात येईल, आणि १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. २०२१ मध्ये लहानांमधले सर्वोच्च पारितोषिक बंगळूरुच्या दहा वर्षांच्या विद्युन हेब्बरला मिळाले, ते वाघासाठी नव्हे, तर भिंतीच्या फटीत जाळे विणून बसलेल्या एका चिमुकल्या कोळ्यासाठी. त्या जातीचा कोळी उभे जाळे न विणता तंबूसारखा घुमट विणतो. मागच्या रस्त्यावरून रिक्षा गेली, तिचे रंग धूसर होऊन घुमटामागे पसरले, आणि तोच क्षण त्या मुलाने टिपला.

मुलीला सांगा, की घराजवळची एकच जागा निवडून रोज त्याच वेळी जा. परसातली कढीलिंबाची कुंडी चालेल, विहिरीचा कठडा चालेल. पहिले आठ दिवस कॅमेरा नको, फक्त वही असू दे. कोण किती वाजता येते, कोठून येते, कशाला बिचकते ते लिहू दे. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एखादा बारीक ठिपका सापडला, तर तो पुसू देऊ नका. ती बहुधा लिंबाळी फुलपाखराची अळी असेल, आणि थोड्याच दिवसांत ती कात टाकून हिरवी होईल.